दाराजवळचा भुसा

४ डिसेंबर

नकटे,

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. आपल्या घरात पत्र लिहायला एक तर मयत लागते, नाहीतर लग्न. यातलं काहीच नाही. फोन केला होता, दोनदा. दोन्ही वेळा तुझ्या लेकीनं उचलला आणि म्हणाली, "आई बाहेर गेलीय, मामा." पोरगी गुणाची आहे, पण खोटं बोलायच्या आधी खाकरते. आणि तिच्या पाठीमागे कुणीतरी पातेल्याच्या कडेवर पळी आपटत होतं. दोनदा जोरात, एकदा हळू. पळीला चिकटलेलं पातेल्यात परत गेलंच पाहिजे, ही आईची शिकवण. ती पाळणारी बाई आता जगात एकच उरलीय.

म्हणून पत्र. पत्राला 'बाहेर गेलीय' असं कुणी सांगत नाही.

इकडे सगळं ठीक आहे. थंडी यंदा लवकर आली. सकाळी पाण्याच्या भांड्यांवर बर्फाची साय धरते, ती मी पळीनंच फोडतो. तीनशे कोंबड्या आहेत, अंडी बऱ्यापैकी. तुझ्या वहिनीचा गुडघा आहे तसाच आहे. तो आता घरातला वडीलधारा झालाय, त्याला विचारल्याशिवाय काही ठरत नाही. मी बरा आहे. दमतो. पूर्वी शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दाताळं ओढत गेलो की घाम यायचा, आता बसावंसं वाटतं. दाराजवळची तुझी उपडी बादली तिथंच आहे, तिच्यावर बसतो.

तू गेलीस त्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. त्या सकाळी मेलेल्या एकेचाळीस तलंगांबद्दल मला आता काही म्हणायचं नाही. ऐन अंड्यावर आलेल्या कोवळ्या कोंबड्या होत्या, वाईट वाटणारच. तू वळचणीखाली झरोके पाडून घेतलेस, भर थंडीत उघडे ठेवलेस, गारठल्या बिचाऱ्या. माणूस आहे, चुकतं. मी चार माणसांसमोर तोंड सोडलं, तेही चुकलं असेल. फिट्टंफाट. वर्षभर रुसण्यासारखं त्यात काय आहे?

आता कामाचं. सोबत एक पुडी आहे, शेडमधल्या भुशाची. तुझ्या नाकाची सर कुणाला नाही, हे मी तुझ्या पाठीमागेही म्हणतो. वास घे आणि ठीक आहे एवढं कळव. माझं नाक उत्तम आहे, पण चार डोळे असावेत तशी दोन नाकंही असावीत.

तुझा थोरला भाऊ

१३ डिसेंबर

नकटे,

उत्तर नाही. पुडी फोडली असशील, एवढं मला माहीत आहे.

परवा शेडमध्ये उभा होतो तर मानेवर थेंब पडला. बाहेर ऊन होतं. वर बघितलं तर पत्र्याला आतून थेंब लटकलेले, रांगेत, बसायला जागा मिळालेल्या माणसांसारखे. एकेक सुटतोय आणि खाली भुशाच्या गादीत पडतोय. मी डोळे मिटून ऐकलं. दाराकडे सावकाश, मधे भराभर, पलीकडच्या कोपऱ्यात तर सलग. माझे कान अजून विकलेले नाहीत.

पत्रा गळतोय म्हणून सुताराला बोलावलं. तोच, ज्यानं तुला झरोके पाडून दिले. वर चढला, अर्धा तास ठोकठोक केली, खाली उतरून विडी पेटवली.

"भोक नाही," म्हणाला.

"मग पाणी कुठून येतंय?"

"खालनं. तीनशे जणी रात्रभर श्वास सोडतात, भाऊ. तो जायचा कुठं? पत्र्याला जाऊन चिकटतो आणि सकाळी घरी परत येतो." मग वळचणीकडे बोट दाखवून म्हणाला, "ताईंनी दोन्ही बाजूंनी वीतभर झरोका काढून घेतला होता तो कशाला? आणि तुम्ही त्यात पोती कोंबलीयत."

मी म्हणालो, "तुला पत्रा बघायला बोलावलंय, प्रवचनाला नाही."

"पत्रा बघितला. चांगला आहे पत्रा," म्हणाला आणि गेला. चहा न घेता. तू गेल्यापासून हा माणूस माझ्याकडे चहा घेत नाही.

पोती कोंबलीत हे खरं आहे. लपवण्यासारखं काय त्यात. गेल्या वर्षी हात पोळल्यावर यंदा कोण उघडं ठेवील? फट दिसली की बुजवायची, हे आपण दोघं कुणाकडून शिकलो ते तुला सांगायला नको. त्या भाड्याच्या खोलीत खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबायचं काम माझं आणि दाराखाली पोतं सरकवायचं काम तुझं. पलीकडे गच्चीवर खोक्यात आपल्या पहिल्या अकरा कोंबड्या. थंडी म्हणजे फट, फट म्हणजे गरिबी. इतकं साधं गणित होतं.

असो. पुडीचं कळव.

तुझा थोरला भाऊ

२२ डिसेंबर

नकटे,

तुझं कार्ड आलं. अकरा महिन्यांनी बहिणीनं भावाला पत्र लिहावं आणि त्यात चार शब्द असावेत! "दाराजवळचा आहे. मधला पाठव."

कुशल नाही, नमस्कार नाही, वहिनीचा गुडघा नाही. मी कार्ड वाचलं आणि आधी तापलो. तुझ्या वहिनीला दाखवलं. म्हटलं, बघ, पाण्यात बघते अजून. ती कार्ड वाचून इतकी हसली की गुडघा धरून बसली.

"मग कुठला होता?" तिनं विचारलं.

"शेडमधलाच होता."

"शेडमधला कुठला?"

तुम्हा दोघींना पोलिसात असायला पाहिजे होतं.

होता दाराजवळचा. कसा ओळखलास ते मी दोन दिवस डोकं खाजवून शोधून काढलं. खाद्याची पोती दाराशी सोडतो, भुशात मक्याचा चुरा पडला असणार. शिवाय दाराजवळचा कायम कोरडा, दिवसातून वीस वेळा दार उघडतं. मी पुडी बांधताना मनाशी म्हणत होतो की हाच जवळ आहे, कशाला आत जा, कंबर दुखतेय. माणूस स्वतःला किती सुबक फसवतो! अंड्यांची टोपली घेऊन बाजारात हिंडलो तेव्हापासून मला कुणी टोपी घालू शकलं नाही. तो मान मी स्वतःसाठी राखून ठेवला होता.

मधला पाठवतो. पण आधी एक ऐक, म्हणजे डबा उघडल्यावर घाबरणार नाहीस. गादी मधे ओली आहे. तू शिकवलं होतंस तशी मूठ वळून बघितली. मूठ उघडली की भुसा सुटून पडायला हवा, गोळा राहता कामा नये. माझ्या हातात गोळा राहिला. बोटांच्या खुणांसकट. तो तसाच हातात घेऊन मी तुझ्या बादलीवर बराच वेळ बसून होतो.

दादा

३० डिसेंबर

नकटे,

डबा पोचला असेल. पार्सलच्या खिडकीतल्या माणसानं विचारलं, "यात काय आहे?"

"नमुना."

"कसला?" म्हणत त्यानं डबा जवळ ओढला, झाकणावरची चिकटपट्टी बघितली आणि मान अशी मागे घेतली की टोपी पडली. "अहो, डोळ्यांत पाणी आलं! घट्ट लावा, घट्ट!"

मी घट्ट लावलं. आणि त्याचं तोंड बघून मला कळलं की वास किती आहे.

हे वाक्य पुन्हा वाच. तुझ्यासारख्या बाईला दुसऱ्यांदा वाचावं लागणार नाही, पण तरी वाच.

मला वास येत नाही, नकटे. अजिबात नाही. परवा चुलीशेजारी बसून पेपर वाचत होतो आणि दूध जळून पातेलं काळं झालं. तुझी वहिनी अंगणातून धावत आली, वास तिला अंगणात आला. मी चष्मा वर करून विचारलं, "काय झालं?" ती पातेल्याकडे बघायची, मग माझ्याकडे. पातेलं घासायला बसली आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "नकटीला लिहा."

इकडची खबर बरी नाही. अकरा कोंबड्यांच्या डोळ्यांत फेस आलाय. शिंका ऐकू येतात. माणूस शिंकला तर आजूबाजूचे 'सांभाळ' म्हणतात, यांना कोण म्हणणार. हवालदाराच्या तुऱ्याची टोकं काळी पडली. तोच गं, तुझा लाडका कोंबडा, जो तुझ्याखेरीज कुणाला आत येऊ देत नसे. आता मी गेलो की बाजूला होतो. मला त्याचंच वाईट वाटतं. डॉक्टर येऊन गेला, औषध पाण्यातून द्यायला सांगितलं आणि दारातच उभा राहून म्हणाला, "औषध नंतर. आधी ओल काढा. कोंबडी थंडीनं मरत नाही, ओलीनं मरते." तुझंच वाक्य. तुझ्याकडून ऐकलं असणार त्यानं, मी तसं त्याला म्हणालोही.

मी हे सगळं वाकड्या वाटेनं लिहितोय, ते तुला दिसत असेल. अजून उघडला नसशील तर डब्याचं झाकण अंगणात उघड. लेकीच्या घरात नको.

दादा

९ जानेवारी

नकटे,

दुसरं कार्ड. "नाक कधी गेलं?" या वेळी तीन शब्द. अशीच उतरत राहिलीस तर उन्हाळ्यापर्यंत कोरं कार्ड येईल.

विचारलंस तर सांगतो. तीन वर्षं झाली. तो ताप आला होता ना मला, त्यानंतर. आधी वाटलं सर्दी आहे. मग वाटलं, एवढी वर्षं शिटीच्या अमोनियात काढली, बधिरलं असेल जरा, येईल परत. मग कुणाला सांगायची वेळ निघून गेली. ज्याचा धंदा तीनशे कोंबड्यांचा, त्यानं बाजारात सांगायचं का, मला वास येत नाही म्हणून? आणि मला गरजही वाटली नाही. तू होतीस. सकाळी तू दार उघडायचीस, आत पाऊल टाकायचीस आणि मी तुझ्या कपाळाकडे बघायचो. आठी पडली की म्हणायचो, "आज जरा वास मारतोय, नाही?" तू म्हणायचीस, "दादा, तुझं नाक भारी." तू जाईपर्यंतची दोन वर्षं मी तुझ्या कपाळावरून शेडचा वास ओळखत होतो. लोक म्हणायचे, भाऊ कान आणि बहीण नाक. मला ते बोलणं आवडायचं. त्यातलं निम्मं तुझं श्रेय मी खाल्लं.

आता तू हिशेब मांडला असशील, कारण तू मांडतेसच. तीन वर्षं म्हणजे गेल्या हिवाळ्यातही याला नाक नव्हतं.

नव्हतं.

मग ऐक. हे लिहायला मी सकाळपासून चारदा बसलो. एकदा अंडी गोळा करायला उठलो, एकदा पाणी द्यायला, एकदा उगाच.

तू झरोके पाडून घेतलेस तेव्हा मला समजावलं होतंस. वारा डोक्यावरून जावा, अंगावरून नाही. दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या तुऱ्याच्याही वर फट ठेवायची, म्हणजे दमट हवा वर चढून निघून जाते. मला पटलं होतं. खरंच पटलं होतं. पण त्या आठवड्यात वारा सुटला आणि झरोक्यांतून शीळ यायला लागली. तुला ती ऐकू येत नसे. मला घरात, दार लावून, जेवताना ऐकू यायची. ती शीळ कुठली ते मला पहिल्याच घासाला कळलं. त्या खोलीतली, चिंध्या निसटल्या की यायची ती. मी साठीचा माणूस, नकटे, आणि माझा घास हातात राहिला.

तू दिवेलागणीला शेड बंद करून तुझ्या खोलीकडे गेलीस की मी मागच्या दारानं जायचो आणि पोती कोंबायचो. दोन्ही बाजूंना. सकाळी तुझ्या आधी जाऊन काढायचो. अशा नऊ संध्याकाळी.

त्या दिवसांत तू मला म्हणाली होतीस, तुला आठवत असेल, "दादा, झरोके उघडे असून वास का कोंडतोय रे? मला काही उमजत नाही." आणि मी म्हणालो होतो, "तुझं नाक म्हातारं झालं."

माझ्या तोंडून गेलं ते. माझ्याच.

दहाव्या सकाळी पोती काढली तर ती जड लागली. पिळली असती तर धार लागली असती. मी खाली उतरलो आणि कोपऱ्यात त्या दिसल्या. ओल्या पिसांनी एकीवर एक चढून बसल्या होत्या ऊब घ्यायला, खालच्या गुदमरल्या, वरच्या गारठल्या. मी आधी काय केलं सांगू? आधी पोती हौदाच्या मागे लपवली. मग तुला हाक मारली.

आणि तू आलीस, आणि तेवढ्यात खाद्यवाला गाडी घेऊन आला, सुतार त्याच्याबरोबर, तुझी वहिनी कंदील घेऊन, आणि मी त्या सगळ्यांसमोर म्हणालो, "हिच्या भोकांनी मारल्या माझ्या एकेचाळीस." हातातली टोपली बादलीवर ठेवलीस. मला वाटलं, दुपारी जेवायला येईल. दुपारच्या बसनं तू गेलीस.

त्या भाड्याच्या खोलीत तू अख्खा हिवाळा खोकायचीस. खिडकीखालची भिंत काळी पडली होती, आठवतं? आई म्हणायची, पोरगी नाजूक आहे. मी अजून चिंध्या कोंबायचो. इतक्या वर्षांत मला कधी वाटलं नाही की तू थंडीनं खोकत नव्हतीस.

दादा

१७ जानेवारी

नकटे,

उत्तराची वाट न बघता लिहितोय. उत्तर द्यावंस असं मी काही केलेलं नव्हतं, म्हणून आधी केलं, मग लिहायला बसलो.

ज्यांच्यासमोर बोललो होतो त्या तिघांना मंगळवारी शेडपाशी बोलावलं. खाद्यवाल्याची गाडी त्या दिवशी येतेच. सुताराला म्हटलं, काम आहे. तुझ्या वहिनीला म्हटलं, शाल घे.

शिडी लावली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत एकेक पोतं उपसून खाली टाकलं. पोती जमिनीवर पडायची तर चपक्कन आवाज यायचा. सुतारानं एक पायानं दाबलं, पाणी निघालं.

"यंदाचं सोडा," मी शिडीवरूनच म्हणालो. खाली उतरून बोलायचा धीर नव्हता. "गेल्या वर्षीही मीच कोंबली होती. तिच्या पाठीमागे, नऊ दिवस. त्या एकेचाळीस मी मारल्या. तिनं नाही."

खाद्यवाला म्हणाला, "अहो भाऊ, मी तर बाजारभर सांगितलं, ताईंनी मारल्या म्हणून!"

"मग बाजारभर परत जा."

"वर्ष झालं त्याला. कोण ऐकणार आता?"

"पहिल्यांदा कोण ऐकत होतं? तू सांगतच होतास ना? तसंच सांग."

तो नाकाला रुमाल लावून उभा होता. मला तेव्हा सुचलं की हा माणूस वर्षभर माझ्या दारात रुमाल लावून उभा राहतोय आणि मी समजत होतो, थंडीमुळे.

सुतार शिडी धरून उभा होता, घट्ट. मी उतरल्यावर म्हणाला, "झरोक्यांना बाहेरून तिरक्या फळ्या लावून देतो. वाऱ्याचा झोत अडेल, हवा जाईल, आणि तुमची ती शीळ जरा कमी होईल." मी त्याला शिळेबद्दल काही सांगितलं नव्हतं. तू सांगितलं असणार, तेव्हाच. म्हणजे तुला ती ऐकू येत नसली तरी मला येते, हे तुला माहीत होतं. आणि फळ्या लावायचं तुझ्या मनात होतं. चार दिवस थांबलो असतो तर!

जाताना त्यानं चहा घेतला.

तुझी वहिनी सगळे जाईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "ती पोती मला मार्चमध्येच सापडली होती. हौदामागे. बुरशी धरलेली."

"मग बोलली का नाहीस?"

"मी बोलले असते तर तुम्ही मला सांगितलं असतंत की ती उंदरांनी तिथं नेली."

सांगितलं असतं. माझी ख्याती आहे.

त्या दुपारपासून आम्ही दोघं गादी उपसतोय. मधला सगळा ओला भुसा बाहेर, खाली चुना, वर कोरडा भुसा वीतभर. पाण्याची भांडी विटांवर उचलून ठेवली, म्हणजे उष्टं पाणी सांडत नाही. एका दिवसात पाच हात सरकतो आम्ही. पूर्वी तू आणि मी दोन दिवसांत आख्खी शेड करायचो आणि वर भांडायला ताकद उरायची. आता आम्ही म्हातारा-म्हातारी एक टोपली दोघांत धरून नेतो आणि दाराशी टेकतो. ती तुझ्या बादलीवर बसते. मी उभा राहतो.

अकरांतल्या चार गेल्या. सात खाताहेत.

दादा

२ फेब्रुवारी

नकटे,

कार्ड आलं नाही. येईल असं धरून मी रोज फाटकापर्यंत जातो, तेवढंच चालणं होतं.

गेल्या आठवड्यात थंडीची लाट आली. हौद वरपासून गोठला, मला कुऱ्हाड लागली. खाद्यवाला म्हणाला, "आज तरी बुजवा, भाऊ." तुझ्या वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मी जेवत होतो. शीळ येत होती, फळ्यांमुळे बारीक, पण येत होती. घास तोंडाशी थांबला. मग तो मी खाल्ला. पुढचाही खाल्ला. पोती आता घरात नाहीतच. तुझ्या वहिनीनं कापून पायपुसणी केली, प्रत्येक दारात एक. माझ्यावर विश्वास आहे तिचा, पण बेताचा.

सकाळी दार उघडायला हात होईना. बाहेरच उभा राहून ऐकलं. तुला सांगतो, इतक्या वर्षांत मी इतकं नीट कधी ऐकलं नसेल. आधी थेंब शोधला. दाराकडे नाही, मधे नाही, पलीकडच्या कोपऱ्यात नाही. एकही नाही. मग शिंक शोधली. मग पंखांची फडफड झाली, एक दांडीवरून उतरली, मग दुसरी, आणि हवालदारानं बांग दिली. काळ्या टोकांच्या तुऱ्याची, पण बांग जुनीच. आत गेलो तर माझ्या पायावर चोच मारायला आला. मी त्याला मारू दिली.

सगळ्या होत्या. दोनदा मोजल्या.

आता हे. काल दुपारी फोन वाजला. मी उचलला, "हॅलो" म्हटलं. पलीकडे कुणी बोलेना. चुकून लागला असेल म्हणून ठेवणार होतो, पण कान लावून थांबलो, खोड आहे. कुठंतरी काही उकळत होतं. आणि मग पातेल्याच्या कडेवर पळी वाजली. दोनदा जोरात, एकदा हळू. मग फोन ठेवला गेला.

मी तुझ्या वहिनीला म्हणालो, "नकटीचा फोन होता."

"काय म्हणाली?"

"बरंच काही."

मग आम्ही राहिलेली पाच हात गादी पुरी केली. ती शेवटची होती. बादली तिथंच दाराशी आहे, पुसून ठेवलीय.

सोबत पुडी आहे. मूठ वळून घेतली, भुसा सुटून पडला, मग बांधली. मला वास येत नाही, तुझ्या वहिनीला आला नाही, पण तिच्या नाकावर मी शेड चालवणार नाही. तू बघ. कुठला आहे, ते या वेळी लिहीत नाही.

दादा